दुपारी मोजलेली झाडं

१२ मार्च

दादा,

आधी बस. उभ्या उभ्या वाचू नकोस, आणि अक्षर ओळखून पाकीट तसंच वहिनीच्या हातात देऊ नकोस. फोन केला की तू तेच करतोस, म्हणून हे पत्र. पत्राला 'घे गं, तुझ्याशी बोलायचंय तिला' म्हणून सुटता येत नाही.

झाडं बारीक होतात, दादा.

डोकं ठिकाणावर आहे माझं. झाडं बारीक होतात, दुपारी होतात, रोज होतात, आणि सकाळी परत होती तशी होतात. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. गेले चार दिवस मला धड जेवण जात नाही, आणि आचारीमामा म्हणतात, या बाईला काय झालंय, ताटावर बसून आकडे पुटपुटते.

तुला इथून जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा आधी इथलं थोडं सांगते. मोठे सर निवृत्त झाले. आता केंद्राच्या प्रमुख एक मॅडम आहेत, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. जंगलातून अशा भरभर चालतात की मागच्याला धाप लागते. मी अजून त्याच खोलीत, त्याच खिडकीपाशी. फरक एवढाच की खुर्चीला चाकं आली आणि दारावर 'नोंद विभाग' अशी पाटी लागली. विभाग म्हणजे मी एकटी. काम तेच. जंगलातली साडेचार हजार झाडं, प्रत्येकाला ठोकलेला पत्र्याचा नंबर, दर पाच वर्षांनी छातीच्या उंचीवर फीत गुंडाळून घेर मोजायचा आणि तो संगणकात भरायचा. तू मोजायचास, मी भरायचे. आता तीन पोरं मिळून मोजतात आणि तरी तुझ्या निम्म्यानेही होत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते, त्यामुळे त्यांना मी फारशी आवडत नाही.

दरवर्षी विद्यापीठाची मुलं चार आठवडे शिकायला येतात, ते अजून आहे. यंदा अठरा जण आहेत. पहिल्या दिवशी सगळ्यांचे बूट कोरे करकरीत, आठव्या दिवशी वर्गाच्या बाहेर अशी रांग की नाक धरून आत जावं लागतं. त्यांत एक चष्मेवाली आहे. बोलते कमी, प्रश्न जास्त विचारते. प्रत्येकाला एक छोटा अभ्यास करायचा असतो. कोणी बेडूक घेतं, कोणी मुंग्या. हिने बारा झाडं घेतली. खोडाभोवती स्टीलची पातळ पट्टी, तिला स्प्रिंग, म्हणजे खोड फुगलं की पट्टी सरकते. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला जाऊन किती सरकली ते बघायचं. मॅडम तिला म्हणाल्या, "अगं, चार आठवड्यांत झाड काय वाढणार? बेडूक घे."

तिने नाही ऐकलं. आणि तिसऱ्या दिवशी माझ्या खिडकीत येऊन म्हणाली, "ताई, माझं काहीतरी चुकतंय. दुपारी सगळे आकडे कमी येतात."

दादा, माझ्या हातातला चहा टेबलावर सांडला.

बाकीचं उद्या. टपाल घेऊन जाणारी गाडी हॉर्न वाजवतेय.

तुझी भिंगरी

१५ मार्च

दादा,

उद्या म्हणाले आणि तीन दिवस गेले, पण काय दिवस गेले म्हणून सांगू.

मॅडमना आधी पटेना. म्हणाल्या, उन्हाने पट्टी तापते आणि सैल पडते. चष्मेवाली रडकुंडीला आली. तेव्हा मी म्हटलं (मी म्हटलं बरं का, नोंद विभागाने), पट्टीचाच दोष असेल तर ती एखाद्या न वाढणाऱ्या, न सुकणाऱ्या वस्तूला बांधून बघू. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायाला तशीच एक पट्टी बांधली. झाडाच्या उंचीवरच, सावलीही तेवढीच. दोन दिवस बघितलं. झाडं सकाळी फुगलेली, दुपारी आक्रसलेली. टाकीचा पाय मख्ख. सकाळी तेवढाच, दुपारी तेवढाच.

मॅडमनी तिसऱ्या दुपारी स्वतः जाऊन वाचलं. परत आल्या त्या चिखलाच्या बुटांनी थेट माझ्या खोलीत. मी लादी नुकतीच पुसून घेतली होती, पण बोलले नाही, कारण त्यांचा चेहरा परीक्षेत पहिली आलेल्या मुलीसारखा झाला होता. मग त्यांनी मला समजावलं, मी तुला समजावते. दुपारी पानं पाणी सोडतात, आणि मुळांतून तेवढं भराभर वर येत नाही. मग झाड खोडात साठवलेलं पाणी वापरतं, आणि खोड तेवढं आक्रसतं. रात्रीतून भरून काढतं. पाऊस बरा झाला असेल तर फरक नखाएवढाही नसतो. कोरडं वर्ष असेल तर घेरात दोन, तीन, चार मिलिमीटरसुद्धा. दूरच्या शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे, पुस्तकांत आहे, पण आपल्या जंगलात कोणी बघितलंच नव्हतं. कारण आपल्याकडे मोजणी सकाळी. दहाच्या आत. दुपारी जंगलात जायचं नाही, फांद्या पडतात, एकट्याने तर नाहीच नाही. नियम म्हणजे नियम.

आता तू हसतोयस का ते मला दिसत नाही. पण मला तुझे एकसष्ट आठवले.

तू विसरला नसशीलच. त्या कोरड्या वर्षी तू ओढ्यापलीकडच्या पट्ट्यातली तीनशे चाळीस झाडं मोजलीस, मी भरली, आणि एकसष्ट चौकटी लाल झाल्या. आकडा मागच्या मोजणीपेक्षा कमी आला की चौकट लाल होते, आजही होते. मोठे सर म्हणायचे, झाड वाढतं नाहीतर मरतं, रोडावत नाही. त्यांनी जंगलात जाण्याची वही मागवली. जो कोणी जंगलात जाईल त्याने नाव, वाट आणि वेळ लिहून जायचं, ती वही. तिच्यात त्या बावीस दिवसांत तुझं नाव नव्हतं. सर म्हणाले, हा जंगलात गेलाच नाही, याने घरी बसून आकडे टाकले. तीनशे चाळीसही रद्द झाले आणि तूही.

मला विचारलं तेव्हा मी तरी काय सांगणार होते? वहीत तुझं नाव नव्हतं.

पण आता बघ. ते एकसष्ट खरे होते, दादा. तू खरोखर मोजले होतेस. तू दुपारी मोजलेस म्हणून ते कमी आले. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी मॅडमना सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, त्या वेळची मूळ वही मिळेल का?

मिळेल. मी ती फेकली नव्हती. सरांनी फेकायला सांगितलं होतं, तरी नाही फेकली.

तुझी भिंगरी

१८ मार्च

दादा,

तुझ्या दोन्ही वह्या सापडल्या म्हणजे काय, त्या कुठे आहेत ते मला माहीतच होतं. दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शकं ठेवतो ते बल्ब लावलेलं कपाट आठवतं? आत सतत ऊब, त्यामुळे काचांना बुरशी धरत नाही. त्याच्या तळाशी, जुन्या भिंगांच्या डब्याखाली. या हवेत कपड्यांना चार दिवसांत वास येतो, पण तुझ्या वह्या अकरा वर्षांनंतर कोरड्या ठणठणीत. वर्षातून एकदा मी त्यांची धूळ झटकायचे. का, ते विचारू नकोस.

मी त्या उघडल्या आणि उभीच राहिले. समासात प्रत्येक आकड्यापुढे तू बारीक अक्षरात वेळ लिहिलीयस. १:४०. १:५५. २:२०. आपल्या तक्त्यात वेळेचा रकाना नाही, म्हणून भरताना मी ते बघितलंच नव्हतं. बघितलं असेल तर सोडून दिलं होतं. कोणी सांगितलं होतं तुला वेळ लिहायला? कोणीच नाही. तुझी खोड.

चष्मेवालीने रात्रीच्या जेवणाच्या आत सगळं कागदावर मांडलं. वेळ एका बाजूला, किती मिलिमीटर कमी ते दुसऱ्या बाजूला. दादा, जिन्याच्या पायऱ्यांसारखं उतरत जातं ते. दीडच्या आसपासची झाडं जराशी कमी, अडीचची आणखी कमी, साडेतीनची सगळ्यांत कमी. तिने जन्मात तुला पाहिलेलं नाही, आणि ती म्हणते कशी, "ताई, हा माणूस किती भारी मोजतो." जेवणघरात सगळी मुलं कागदाभोवती गोळा झाली. आचारीमामा डाव घेऊन आले आणि म्हणाले, मला आधीपासून माहीत होतं. त्यांना काहीही माहीत नव्हतं. पण मला इतका आनंद झाला होता की मी वाद घातला नाही, यावरून काय ते समज.

मॅडम म्हणाल्या, अकरा वर्षांपूर्वीच्या कोरड्या वर्षाच्या अशा नोंदी कोणाकडेच नाहीत. तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस परत घ्यायच्या. तुझ्या नावाने. पत्र काढायचं, की केंद्राची चूक झाली. आणि ३० मार्चला मुलांचा शेवटचा दिवस असतो, त्या दिवशी मोजणी कशी करतात ते शिकवायला तुला बोलवायचं. तू, दादा. फळ्यापुढे. मी तर तुला खडू हातात घेतलेला बघूनही टाकलं. काळ्या पँटवर खडूची धूळ.

मग त्यांनी वही मिटली आणि मला विचारलं, "पण ताई, एक अडचण आहे. वेळ तर वहीत कोणीही लिहील. घरी बसूनसुद्धा. आल्यागेल्याच्या वहीत त्यांचं नाव नाही. त्यांना दुपारी जंगलात जाताना कोणी पाहिलं होतं का? एक जरी साक्षीदार असला तरी मला वरच्या समितीला सांगता येईल. नाहीतर समिती म्हणेल, रद्द ते रद्द."

मी म्हटलं, आठवून सांगते.

आठवून. माझी जीभ झडली कशी नाही कुणास ठाऊक.

भिंगरी

१९ मार्च, पहाटे

दादा,

हे पत्र आधीच्या तिन्ही पत्रांआधी लिहायला हवं होतं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून झाडांच्या गोष्टी सांगत बसले. झाडांचा आनंद खरा आहे, पण त्याच्या आडून मी लपत होते.

तू दुपारी का जायचास ते मला माहीत होतं. बाबांच्या पायाची जखम रोज सकाळी दवाखान्यात धुवायला लागायची. आपलं ठरलं होतं, एक दिवस तू, एक दिवस मी. चार दिवस मी गेले. मग माझी नोकरी कायम व्हायची होती, सरांनी सांगितलं होतं की या महिन्यात एकही उशीर चालणार नाही, आणि मी तुला म्हटलं, दादा, तेवढा महिना तूच बघ. तू 'बरं' म्हणालास. नेहमीसारखं. मग बावीस दिवस सकाळी तू बाबांना घेऊन दवाखान्यात आणि दुपारी जंगलात. नियम मोडून, एकटा, वहीत नाव न लिहिता.

आणि फीत तुला मी द्यायचे. सव्वा वाजता, सर जेवायला गेले की, या खिडकीतून. तू म्हणायचास, "भिंगरे, पाचच्या आत आलो नाही तर आरडाओरडा कर." बावीस दिवस मी पाच वाजेपर्यंत त्या वाटेकडे बघत बसायचे. एकदा तू साडेपाचला आलास, गालावर ओरखडा होता, मी तुला इतक्या शिव्या दिल्या की तू हसत सुटलास.

सरांनी मला बोलावलं तेव्हा वही समोर होती, पण त्यांनी वहीचं नाही विचारलं. त्यांनी विचारलं, "तू त्याला जाताना पाहिलंस का?" सरळ विचारलं. आणि मी म्हटलं, नाही.

पाहिलं म्हटलं असतं तर नियम मोडायला मदत केली म्हणून माझी नोकरी कायम झाली नसती. एवढंच कारण. दुसरं काही मोठं कारण शोधत मी अकरा वर्षं काढली, सापडलं नाही. मला वाटलं होतं की तूच सांगशील. दुपारी जायचो, हिला विचारा, असं म्हणशील आणि मग मला हो म्हणावंच लागेल. तू काही बोललाच नाहीस. सही करून निघून गेलास, आणि बाबांनाही घेऊन गेलास. बाबा गेले तेव्हा आपण दोघं खांद्याला खांदा लावून उभे होतो, आणि तू मला एवढंच म्हणालास, की पाण्याची बाटली दे.

आता तोच प्रश्न परत आलाय. तीच खोली, तेच टेबल. त्या वेळी माझी कायम न झालेली नोकरी पणाला होती, आता अकरा वर्षांची अब्रू आहे. नोंद विभागाची बाई खोटं बोलली म्हटल्यावर तिच्या नोंदींचं काय करायचं, हे मॅडम विचारणार. मी त्यांच्या जागी असते तर विचारलं असतं.

मला भीती वाटते. पाचावर धारण बसलीय. पण आज दहा वाजता मुलांचा वर्ग आहे आणि मॅडम तिथे असतील, आणि मी आत्ता हे लिहून पाकीट आधी टपालाच्या गाडीत टाकणार आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. माझा माझ्यावर एवढाही भरवसा नाही.

मला माफ कर असं लिहिणार होते. पण ते मागायला समोर यायला हवं.

भिंगरी

२१ मार्च

दादा,

सांगितलं. सगळ्यांसमोर.

खरं तर मॅडमना एकटीला गाठून सांगायचं ठरवलं होतं, पण वर्गात चष्मेवाली तुझा तक्ता समजावून सांगत होती, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "हा माणूस गेलाच नसेल तर? आकडे छान रचलेही असतील." उचलली जीभ लावली टाळ्याला. मी दारात उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "गेला होता. फीत मी दिली होती."

मग थांबताच येईना. खिडकी, सव्वा वाजता, बावीस दिवस, बाबांचा पाय, सरांचा प्रश्न, माझं 'नाही'. आवाज खणखणीत, जसा कोणा दुसऱ्याच बाईचा. बाहेर कोणाचा तरी पाइप टाकीवर ठण्णकन आपटला तेव्हा सगळे दचकले.

मॅडम चिडल्या. खूप चिडल्या, आणि मला ते बरं वाटलं, खरं सांगते. म्हणाल्या, "तुमच्या हातून भरलेले अकरा वर्षांचे आकडे आहेत, ताई. त्यांच्यावर माझी तीन माणसं पदव्या घेऊन गेली." मग म्हणाल्या, जोवर ते सगळे मूळ वह्यांशी ताडून होत नाहीत तोवर मी एकही आकडा भरायचा नाही. मुलंच ताडून बघताहेत, जोडी जोडीने. मी वह्या काढून देते, चहा आणून देते, आणि माझ्याच खोलीत पाहुणीसारखी बसते. काल संध्याकाळपर्यंत नऊ हजार आकडे झाले, दोन चुका निघाल्या. एकीत मी सहाचे नऊ केले होते. त्या मागच्या बाकावरच्या मुलाने जोरात ओरडून जाहीर केलं. मी त्याला म्हटलं, शाबास, अजून शोध.

पण समितीला पत्र गेलं. साक्षीदार म्हणून खाली माझी सही. तुझे तीनशे चाळीस काल दुपारी परत संगणकात आले, मॅडमनी स्वतः भरले. एकसष्ट चौकटी परत लाल झाल्या. मॅडमनी त्यांच्यापुढे शेरा लिहिला, 'दुपारची मोजणी, बरोबर.' आणि मोजणाऱ्याच्या रकान्यात तुझं नाव. मी मागे उभी राहून वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की आचारीमामांना मी विनाकारण हसले. ते घाबरले.

दादा, ३० तारखेला ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मुलांशी बोल. ती तुझी वाट बघताहेत, देवाशप्पथ.

भिंगरी

२५ मार्च

भिंगरे,

चारही पत्रं आली आणि मग पाचवंही आलं. वहिनीने ती क्रमाने लावून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, वाचल्याशिवाय जेवण मिळणार नाही. वाचली.

तू समोर येऊन मागणार आहेस ते माग, तेव्हा बघू. पण त्याआधी एक काम कर. तुझ्या त्या मॅडमना सांग की पत्र थांबवा. किंवा पाठवलं असेल तर दुसरं पाठवा.

एकसष्ट लाल आहेत त्या सगळ्या खऱ्या. एक-एक मोजलीय, शपथ घेऊन सांगतो. पण त्या पट्ट्यात दोन झाडं अशी आहेत ज्यांच्यावर लाल आलं नव्हतं आणि कोणी संशयही घेतला नव्हता. ११८७ आणि ११८८. ती मी मोजली नाहीत. बाबांच्या पायाचं बोट काढलं त्या तेविसाव्या दिवशी मी दुपारीही दवाखान्यातच होतो, फीत न्यायला आलोच नाही. पट्टा संपवायचा शेवटचा दिवस होता. बाकावर बसून मागच्या मोजणीचे आकडे घेतले, पाच वर्षांत साधारण जेवढी वाढ होते तेवढी मिळवली, आणि लिहून टाकले. म्हणून ते लाल झाले नाहीत. रचलेले आकडे लाल होत नाहीत, तुला आता कळलं असेल.

तू अकरा वर्षं विचार करतेस की मी का बोललो नाही, तुझं नाव का घेतलं नाही. तुला वाचवायला नव्हे. तू एवढी काही लाडकी नव्हतीस. सरांनी यादी माझ्यापुढे धरली आणि या दोन झाडांवर बोट ठेवून म्हणाले, "ही बघ. ही कशी नीट मोजलीस? बाकीचीही अशी मोजायला काय झालं होतं?" त्यावर मी काय बोलणार? एकसष्ट खरी म्हणून भांडलो असतो तर या दोन्हींचं खोटं गिळून भांडावं लागलं असतं. ते माझ्याने होईना. ते म्हणाले घरी बसून आकडे टाकलेस, आणि मी मनात म्हटलं, हो, दोन टाकलेत. सही केली.

मी हल्ली पाण्याचे मीटर वाचतो, वहिनीने सांगितलं असेल. इथले निम्मे लोक एका जागी बसून आकडे टाकतात. मी अकरा वर्षांत एकही टाकलेला नाही. कुत्रं अंगावर आलं तरी परत गेलोय. लोक मला चक्रम म्हणतात.

तेव्हा त्या दोन रद्द करा, आणि मुलांना हेही सांगा. ते ऐकूनही मुलांना मी शिकवायला हवा असेन तर कळव. येतो.

दादा

२७ मार्च

दादा,

तुझं पत्र मी मॅडमना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, वर्गात वाचू का? मी म्हटलं, त्यानेच सांगा म्हटलंय.

वाचल्यावर मागच्या बाकावरचा तो मुलगा उठला आणि थेट वही काढून बसला. म्हणाला, त्या दोन आकड्यांपुढे समासात वेळच नाहीये. तीनशे अडतीसपुढे आहे, यांच्यापुढे नाही. आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं, नोंद विभागाच्या तर नाहीच. मग चष्मेवालीने विचारलं, "मग येणार ना ते?"

मॅडमनी दोन्ही आकडे काढले. शेरा लिहिला, 'मोजणाऱ्याने स्वतः कळवल्यावरून रद्द.' समितीला दुसरं पत्र गेलं. आणि हे आकडे काढताना त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, म्हणाल्या, तुम्ही काढा, ताई. आठ दिवसांनी माझ्या बोटांना परत ती बटणं लागली. मी काढले.

तू गेल्यावर पुढच्या वर्षी ओढ्यापलीकडचा पट्टा नव्याने मोजला होता, म्हणून यंदा परत त्याची पाळी आहे आणि मोजणी तिथेच चालू आहे. आज पोरं त्या कोपऱ्यात पोचली तेव्हा मी स्वतः तिथे गेले, वहीत नाव लिहून, आणि ११८७ नि ११८८ ला हात लावू दिला नाही. दोन्ही मजेत उभी आहेत, एकाला बुंध्याशी केवढी तरी ढोली झालीय. बाकी पट्टा उद्या पूर्ण होईल. पहिली गाडी साडेआठला पोचते. जुने बूट घालून ये, दोन झाडं राहिली आहेत.

तुझी भिंगरी